थंडी सरताना हातातल्या विणकामाचे काय करावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका आईने डिसेंबरमध्ये आपल्या मुलीसाठी पुढून उघडा स्वेटर विणायला घेतला. पाठ आणि पुढचे दोन्ही भाग झाले, बाह्या राहिल्या. मुलगी आता सात महिन्यांची आहे, दुपारी पंखा लावावा लागतो आहे आणि होळी तोंडावर आली आहे. हे काम उसवावे, तसेच ठेवावे की पूर्ण करावे? सासूबाईंनी विणलेले जुने लोकरीचे कपडे पेटीत आहेत, ते कसे धुवावेत आणि कसे ठेवावेत? आणि उन्हाळ्यात विणकाम चालू ठेवण्यात काही अर्थ आहे का?

आधी उत्तर सांगते, कारणे मागाहून देते. काम उसवू नका आणि ‘आता काय उपयोग’ म्हणून बासनातही बांधू नका. हा येत्या डिसेंबरचा स्वेटर आहे असे समजून आजपासून पुढे न्या. दिवाळीचा फराळ संपला, पहाटे पायाला फरशी गार लागू लागली की लोकर आणायची, अशी आपल्याकडे सवय आहे. पण महाराष्ट्रातली थंडी नोव्हेंबरच्या मध्यापासून फार तर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत टिकते आणि तेवढ्यातही मध्ये ढगाळ, उबदार आठवडे येऊन जातात. घर, नोकरी आणि तान्हे मूल सांभाळून विणणाऱ्या बाईचा पहिला स्वेटर एवढ्या काळात पुरा होत नाही, आणि रथसप्तमी उलटली की तो हातात घ्यायला नको वाटतो. यात तिच्या हाताच्या वेगाचा दोष नाही. दोष आहे तो सुरुवात केलेल्या महिन्याचा. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ हे खरेच आहे, पण विणणाऱ्यांनी त्याच सुमाराला पुढच्या थंडीचे काम हाती घ्यावे, असे माझे अनेक वर्षे विणल्यानंतरचे आणि शिकवल्यानंतरचे ठाम मत आहे. या दिवसांत मुलांची मापे घेता येतात, कोणाला काय तोकडे झाले ते डोळ्यांसमोर असते, ऊन कडक असल्यामुळे धुणे-वाळवणे नीट होते, आणि पुढे आठ-नऊ महिने हातात असल्याने घाईने घेतलेले घट्ट, ओढलेले टाके पडत नाहीत.

मापाकडे वळण्यापूर्वी सध्याच्या हवेबद्दल सांगायला हवे, कारण तुमच्या मुलीला आज काय घालायचे हा प्रश्नही यात दडलेला आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये देशावर पहाटे बारा-तेरा अंश आणि दुपारी बत्तीस-तेहतीस अंश अशी हवा असते. एका दिवसात वीस अंशांचा फरक पडत असेल तर डोक्यातून घालायचा जाड, पूर्ण बाह्यांचा स्वेटर बाळाच्या कामाचा नाही. पहाटे घातलेला तो दहा वाजता काढताना बाळ रडते, म्हणून घरचे तो तसाच ठेवतात आणि आत अंग घामाने भिजते. या दिवसांत उपयोगी पडते ते बिनबाह्यांचे, पुढून बटणांचे जाकीट. छाती-पाठ झाकली जाते, हात मोकळे राहतात आणि मूल झोपेत असतानाही ते काढता येते. बाळाला उकडते आहे का हे तळहातावरून ठरवू नये, मानेच्या मागे दोन बोटे घालून पाहावे. तिथे ओल लागली तर एक थर कमी करावा. घरात झोपवताना कानटोपी काढून ठेवावी, कारण एवढ्याशा जिवाच्या अंगातली बरीच उष्णता डोक्यावाटे बाहेर पडते आणि अतिरिक्त ऊब झोपेतल्या बाळाला धोक्याची असते. कमी वजनाच्या किंवा दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाबाबत मात्र डॉक्टर सांगतील तसेच करावे.

आता तुमचा स्वेटर. मुलगी डिसेंबरमध्ये सोळा-सतरा महिन्यांची असेल. त्या वयात छातीचा घेर साधारण ४७ सेंटिमीटर असतो, आणि आत झबले किंवा फ्रॉक असणार म्हणून सहा-सात सेंटिमीटर सैलपणा धरावा. म्हणजे तयार स्वेटरचा घेर सुमारे ५४ सेंटिमीटर हवा. तुम्ही मध्यम जाडीची लोकर आणि ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या, सुया वापरल्या असतील तर १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि २९च्या आसपास ओळी बसतात. हे गृहीत धरू नका. पाठीचा भाग टेबलावर न ओढता पसरा, कडा सोडून मध्यावर पट्टी ठेवा आणि टाके मोजा. अर्धा टाकासुद्धा सोडू नका, कारण १० सेंटिमीटरमागे एका टाक्याची चूक पूर्ण घेरात दोन-अडीच सेंटिमीटर होते. सहा महिन्यांच्या मापाने ५४ टाक्यांची पाठ विणली असेल तर ती साडेचोवीस सेंटिमीटर भरेल, पुढचे दोन भाग बटणपट्टी एकावर एक धरून तेवढेच. एकूण घेर ४९. तुम्हाला पाच सेंटिमीटर कमी पडत आहेत, आणि केवळ पाच सेंटिमीटरसाठी अडीच महिन्यांचे काम उसवायचे कारण नाही.

कमी पडणारे पाच सेंटिमीटर बगलेत घाला. पूर्वी सदरा शिवताना शिंपी काखेत कळी घालत असत, तेच इथे करायचे आहे. प्रत्येक बाजूला ८ टाक्यांची एक उभी पट्टी विणा. दोन्ही कडांचा एकेक टाका शिवणीत जातो, उरलेल्या ६ टाक्यांचे पावणेतीन सेंटिमीटर होतात आणि दोन बाजूंचे मिळून साडेपाच. पट्टी दोन सुलट, दोन उलट अशी विणली तर ती मुद्दाम घातलेली वाटते आणि मूल अंगाने भरले तरी ताणून बसते. मुंढ्याला टाके घटवलेले नसतील, म्हणजे कडा खांद्यापर्यंत सरळ गेली असेल, तर तुमचे काम आणखी सोपे आहे, कारण मुंढ्याची खोली शिवताना ठरवता येते. खांदे जोडा, खांद्यापासून खाली पुढे आणि मागे १३ सेंटिमीटर मोकळे सोडून खुणेचा दोरा बांधा आणि त्या खुणेपर्यंतच पट्टी आणा. पट्टीचे वरचे टाके बंद करू नका, ते सेफ्टी पिनवर ठेवा आणि पट्टी आधी फक्त पाठीला जोडा.

बाही स्वतंत्र विणून जोडायची सवय आपल्याला असते. लहान मुलांच्या स्वेटरला मी ती वरून खाली विणायला सांगते. पुढच्या भागाच्या खुणेपासून टाके उचलायला लागा, खांद्यावरून पाठीच्या खुणेपर्यंत या, दर चार ओळींमागे तीन टाके उचला. चारही उचलले तर बाही झालरीसारखी फुगते, दोनच उचलले तर मुंढा आखडतो. २६ सेंटिमीटरवर सुमारे ५७ टाके येतील, शेवटी पिनवरचे आठ घ्या. पट्टीच्या बाजूचे जादा टाके पहिल्या आठ-दहा ओळींत एकेक करून घटवा, त्यानंतर दर पाचव्या-सहाव्या ओळीला दोन्ही कडांना एकेक टाका कमी करत ३७-३८ टाक्यांवर या आणि मनगटाची बॉर्डर १० नंबरच्या सुयांवर विणा. लांबी काखेपासून वीस सेंटिमीटर पुरते. वरून खाली विणलेल्या बाहीचा फायदा असा की पुढच्या वर्षी हात लांब झाले तर मनगटाची बॉर्डर उसवून, तेच टाके सुईवर घेऊन चार सेंटिमीटर वाढवता येतात. मुलीची बाही दोन थंड्या पुरते.

उंचीसाठीही हीच युक्ती खालच्या बाजूला चालते, मात्र तिथे थोडे धाडस लागते, कारण टाके घातलेल्या कडेकडून विणकाम सरळ उसवत नाही. बगलेच्या पट्ट्या जोडण्यापूर्वी खालच्या बॉर्डरच्या लगेच वरची सुलट ओळ निवडा. कडेपासून चार-सहा टाके आत एका टाक्याचा धागा लहान कात्रीने कापा आणि सुईच्या टोकाने तो टाक्याटाक्यातून सोडवत ओळीच्या शेवटापर्यंत न्या. बॉर्डर हातात सुटी येते आणि वरच्या भागाचे टाके उघडे पडतात. ते घाबरून ओढू नका; लोकरीला पीळ आणि रोम असतात, टाके लगेच धावत नाहीत. बारीक सुईवर ते एकेक करून घ्या, मग ८ नंबरच्या सुईने खालच्या दिशेने बारा ओळी विणा, म्हणजे चार सेंटिमीटर वाढतील, आणि शेवटी नवी बॉर्डर करून सैल हाताने बंद करा. हे काम दुपारच्या उजेडात, बाळ झोपलेले असताना आणि दाराची घंटा वाजणार नाही अशा वेळी करावे.

या सगळ्याला लोकर लागेल आणि ती आजच घ्या. लोकरीच्या गुंड्यावरच्या कागदी पट्टीवर रंगाच्या क्रमांकाबरोबर लॉट नंबर असतो. रंग तोच असला तरी लॉट बदलला की दिवसाच्या उजेडात छटेतला फरक स्पष्ट दिसतो. थंडी ओसरली की पुण्यात तुळशीबागेच्या परिसरात काय किंवा मुंबईत दादरला काय, दुकानदार लोकरीचा माल आवरता घेतात आणि दिवाळीला नवा लॉट येतो. तो लॉट मिळाला नाहीच, तर बाह्या, पट्ट्या आणि बॉर्डर सरळ वेगळ्या रंगात करा. जवळचा पण न जुळणारा रंग चुकल्यासारखा दिसतो. गर्द विटकरीला मोरपंखी जोडलेला कोणालाही चुकलेला वाटत नाही.

परीक्षा, पाहुणे, लग्नसराई यांमुळे काम काही आठवडे बाजूला ठेवावेच लागणार असेल तर ते सुईवर ठेवू नका. महिनोन्‌महिने सुईवर राहिलेली ओळ ताणली जाते आणि नंतर तिथे आडवी रेघ दिसते. शिवाय लहान मूल घरात असताना सुया लावलेली पिशवी कोपऱ्यात असणे बरे नाही. ओळ पूर्ण करा, नमुना असेल तर नमुन्याची आवृत्ती पूर्ण करा, बोथट सुईत वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून सगळे टाके त्यावर घ्या. सोबत एका कागदावर सुयांचा नंबर, चालू ओळ, उरलेले घटवणे आणि लॉट नंबर लिहून पिशवीत ठेवा. परत सुरू करताना हाताचा ताण बदललेला असतो, म्हणून पहिल्या दोन ओळी दुसऱ्या तुकड्यावर विणून मगच मूळ कामाला हात लावा.

सोळा-सतरा महिन्यांच्या मुलीचा असा संपूर्ण स्वेटर म्हणजे सुमारे १५,००० टाके होतात. नवख्या हाताचे मिनिटाला पंधरा-वीस टाके होतात, त्या हिशेबाने बारा ते सतरा तास लागतात. रोज अर्धा तास मिळाला तर हे महिन्याभराचे काम आहे. तान्ह्या मुलाच्या घरात रोज अर्धा तास मिळत नाही, आठवड्यातून तीनदा मिळतो. तरी आषाढी एकादशीच्या आत स्वेटर तयार होतो. तुमचे तर निम्म्याहून अधिक झाले आहे.

सासूबाईंच्या कपड्यांकडे वळू. धुण्याआधी ते कशाचे आहेत ते ओळखा, कारण आपण ज्याला सरसकट लोकर म्हणतो त्यात मेंढीची खरी लोकर किती आणि अॅक्रिलिक किती हे नुसत्या स्पर्शाने कळत नाही. आतल्या शिवणीतून दोन सेंटिमीटर धागा काढा, चिमट्यात धरून पाण्याच्या ताटलीवर पेटवा. खरी लोकर कुरकुरत जळते, केस जळाल्याचा वास येतो, ज्योतीतून बाहेर काढली की बहुधा विझते आणि राख बोटांत चुरडली जाते. अॅक्रिलिक वितळते, उग्र वास येतो आणि मागे कडक काळा मणी राहतो. मुलांना दूर ठेवून हे करावे. वर्धमान, ओसवाल अशा लुधियानाच्या गिरण्यांची लोकर घरात असेल आणि जुनी पट्टी जपून ठेवलेली असेल तर तीवर धाग्याचा प्रकार लिहिलेला सापडेल, मग जाळून पाहायची गरज नाही.

खऱ्या लोकरीला गरम पाणी, चोळणे आणि सोड्याचे प्रमाण जास्त असलेली धुण्याची पावडर या तिन्हींचे वावडे आहे. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर सूक्ष्म खवले असतात; उष्णता आणि घर्षण मिळाले की ते एकमेकांत अडकतात आणि कपडा आटून नमद्यासारखा घट्ट होतो. एकदा आटलेला स्वेटर परत सुटत नाही. शिवाय डाग काढणाऱ्या अनेक पावडरींत प्रथिने विरघळवणारी विकरे असतात, आणि लोकर स्वतःच प्रथिनाची बनलेली असल्याने ती पावडर डागाबरोबर कपडाही कुरतडते. म्हणून ईझीसारखा लोकरीसाठीचा द्रव साबण किंवा रिठ्याचे गाळलेले पाणी वापरावे. गडद रंगांना रिठा उत्तम. पांढऱ्या-फिक्या कपड्यांवर त्याची पिवळट झाक राहू शकते. बादलीत कोमटाहून गार पाणी घ्या, कपडा उलटा करून बुडवा, दहा मिनिटे भिजू द्या, तळव्यांनी दाबून सोडा. पिळू नका. धुतल्यावर खंगाळायचे पाणीही त्याच तापमानाचे असू द्या; गरम पाण्यातून थेट गारात टाकणे हेही आटण्याचे निमित्त ठरते.

ओल्या स्वेटरला उचलताना दोन्ही हात खाली घाला. खांद्याला धरून उचलला तर पाण्याच्या वजनाने तो तिथल्या तिथे चार बोटे लांबतो. मोठ्या टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळी करा, वर गुडघ्याने दाब द्या आणि उलगडून सावलीत चटईवर किंवा नवारीच्या खाटेवर आडवा वाळवा. दोरीवर टाकू नका. गळा, बाह्या, कड हाताने मापात आणून ठेवाल तसाच तो वाळतो, म्हणून कुठे ओढ बसली असेल तर ती सुधारायची हीच वेळ आहे. अॅक्रिलिकला पाण्याची एवढी भीती नाही, पण इस्त्रीची आहे. गरम इस्त्री एकदा टेकली की बॉर्डरची उसळी कायमची जाते आणि कपडा लोंबतो.

ठेवताना डोळ्यांसमोर दोन शत्रू हवेत: कसर आणि पावसाळा. कसर म्हणजे एका बारीक पतंगाची अळी. उडणारा पतंग काहीच खात नाही, खाते ती अळी, आणि ती खरी लोकर, रेशीम, पिसे अशा प्राणिज वस्तूंवर जगते. घामाचे, दुधाचे, वरणाचे डाग असलेली जागा तिला विशेष प्रिय असते, म्हणून ‘एकदाच तर घातला होता’ असे म्हणून न धुता ठेवलेल्या स्वेटरला काखेत आणि गळ्याशी भोके पडतात. धुऊन वाळवलेल्या कपड्यांना चैत्रातले ऊन तास-दोन तास उलट्या बाजूने दाखवा, शिवणीतून ब्रश फिरवा आणि गार झाल्यावर घडी करा. पांढरी लोकर जास्त वेळ उन्हात ठेवली तर पिवळी पडते, तिला एवढे पुरे. भोके दिसलीच तर तो कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये एक-दोन आठवडे ठेवा, अळ्या आणि अंडी मरतात. मग पुन्हा धुवा.

डांबराच्या गोळ्यांबद्दल मला स्पष्ट सांगायचे आहे: बाळाच्या कपड्यांत त्या घालू नका, आणि ज्या पेटीत त्या वर्षानुवर्षे आहेत तिथले कपडे बाळाला सरळ घालू नका. त्यांतले नॅप्थलिन वाफ होऊन कपड्यात मुरते. जी६पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या अर्भकाला अशा कपड्यांमुळे तांबड्या रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते, आणि ही कमतरता आपल्या बाळाला आहे की नाही हे बहुतेक घरांत तपासलेले नसते. सासूबाईंनी तुमच्या यजमानांच्या लहानपणीचे टोपडे आणि मोजे प्रेमाने काढून दिले असतील तर ते दोनदा धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत बरेच दिवस मोकळ्या हवेत ठेवून मगच वापरा. वास राहिला तर आठवण म्हणून ठेवा, घालू नका. गोळ्यांऐवजी पूर्ण वाळवलेला कडुनिंबाचा पाला किंवा वेखंडाचे तुकडे जुन्या मलमलीच्या पुरचुंडीत बांधून ठेवावेत. त्यांचा गुण सौम्य असतो; खरे संरक्षण स्वच्छ कपड्यालाच असते.

पावसाळ्याचे कारण असे की लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल हवेतून शोषून घेते आणि तरी हाताला कोरडीच लागते. कोकणात आणि मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत ही ओल पेटीतच मुरते आणि बुरशीचा वास धरतो. त्यामुळे कपडे प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका. धुतलेल्या जुन्या सुती साडीत किंवा धोतरात गुंडाळून, भिंतीला न टेकलेल्या कपाटात, वरच्या खणात ठेवा आणि ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा एकदा काढा. देशावर, विदर्भात एवढी काळजी लागत नाही. घरात घोंगडी असेल तर तिलाही याच उन्हात झटकून ठेवा, पण भिजत घालू नका. तिच्या सुताला चिंचोक्याची खळ दिलेली असते, ती धुतली गेली की घोंगडीचा ताठपणा जातो.

पेटीतले काही स्वेटर कोणाच्याच अंगाला येणार नाहीत. ते उसवून लोकर परत वापरावी, आणि त्यासाठी हे दिवस सर्वोत्तम आहेत. हाताने विणलेला असेल तर शिवणी सोडवून, टाके बंद केलेल्या टोकाकडून उसवा. बाजारातला कापून शिवलेला स्वेटर उसवायला घेऊ नका. त्याच्या शिवणीत टाके कापलेले असतात आणि हातात नुसते तुकडे येतात. निघालेला धागा खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, साबणाच्या गार पाण्यात बुडवून दांडीला टांगा आणि खाली हलकेसे वजन अडकवा, म्हणजे वेलांट्या उलगडतात. अॅक्रिलिकच्या वेलांट्या पूर्ण जात नाहीत, पण आडव्या पट्ट्यांत त्या लपतात. वाळलेल्या लडीचा गुंडा करताना दुसरे दोन हात लागतात. घरात दहावी-बारावीचा अभ्यास करणारे मूल असेल तर दहा मिनिटांच्या सुटीत त्याच्या हातांवर लडी द्या. आजोबा सकाळच्या उन्हात बसलेले असतील तर त्यांच्या. ज्या घरात गुंडा असा दोघांनी मिळून केला जातो तिथे त्या लोकरीचे पुढे काय झाले याची चौकशी सगळे करतात, आणि विणणाऱ्या बाईला वेळ द्यायला घर आपसूक तयार होते. हे मी विद्यार्थिनींच्या घरी इतकेदा पाहिले आहे की आता पहिल्या धड्यातच लडी धरायला घरातले कोणी आणा असे सांगते.

उन्हाळ्यात विणावे का, याचे उत्तर होय असे आहे, फक्त मांडीवर पसरणारे काम घेऊ नये. पाठ, शाल, बाळाचे लोकरी दुपटे ही कामे पावसाळ्यासाठी ठेवा. चैत्र-वैशाखात बाह्या, टोपडी, मोजे, बटणपट्ट्या असे तळहातात मावणारे तुकडे घ्या. घामाने टाके सुईवर अडकतात, म्हणून बसण्यापूर्वी हात धुऊन कोरडे करा आणि धातूच्या सुया त्रास देत असतील तर बांबूच्या वापरून पाहा. फिकी लोकर असेल तर मांडीवर स्वच्छ पंचा घ्या.

लोकर हातात नकोच वाटली तर सुती धागा घ्या, पण त्याचा स्वभाव समजून घ्या. सुताला लोकरीची उसळी नसते. टाका ताणला की परत येत नाही, वजनाने कपडा खाली ओढला जातो आणि बॉर्डर सैल पडते. म्हणून लोकरीला वापरली असती त्याहून एक नंबर बारीक सुई घ्या (आपल्याकडच्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते), नमुन्याचा तुकडा धुऊन मगच मोजा कारण पहिल्या धुण्यात सूत आटते, आणि सुरुवात लहान वस्तूने करा. क्रोशा येत असेल तर कडेला मणी लावलेली तांब्या-भांड्यांवरची जाळीची झाकणे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्ह्याच्या भांड्यावर शोभतात आणि दोन संध्याकाळींत होतात. घरात किंवा नात्यात कोणी गरोदर असेल तर बाळंतविड्यासाठी सुती टोपडे आणि मोजे विणायला हे दिवस योग्य आहेत. बाळंतविड्यात नऊ-दहा वस्तू लोकरीच्या आणि त्याही जन्मलेल्या बाळाच्या मापाच्या देण्याची पद्धत मला पटत नाही. त्या महिन्याभरात लहान होतात. बाळ कोणत्या महिन्यात जन्मेल ते पाहा, पुढची थंडी त्याला कितव्या महिन्यात गाठेल ते मोजा आणि त्या मापाचे द्या. एप्रिलमध्ये जन्मणाऱ्या बाळाला आठव्या महिन्याचा स्वेटर लागेल. त्याचे पहिले बोरन्हाण जानेवारीत येईल, तेव्हा हलव्याच्या दागिन्यांखाली घालायला काळे विणलेले जाकीटही याच हिशेबात बसते. काळ्या धाग्यावर रात्रीच्या दिव्यात टाके दिसत नाहीत, म्हणून ते काम उन्हाळ्याच्या लांब दिवसांतच उरकावे.

बाळाच्या कोणत्याही विणकामात तीन गोष्टी टाळा: गळ्याशी बांधायची लोकरीची दोरी, मोज्यांच्या आत राहिलेले सुटे धागे आणि हातमोज्यांवर मोठी जाळी. सुटा धागा चिमुकल्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्तप्रवाह अडतो आणि बाळ का रडते आहे ते कळत नाही. मोजे घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी उलटे करून पाहावेत. बटणे शिवताना ती ओढून पाहा आणि दोऱ्याची गाठ आतून दोनदा मारा.

तुमची नणंद कॅनडात आहे आणि तिच्या बाळासाठीही काही विणावे असे तुम्ही लिहिले आहे. तिकडची थंडी होळीने संपत नाही, एप्रिलमध्येही बर्फ पडतो. पण घरे तापवलेली असतात, त्यामुळे बाळाला घरात जाड स्वेटर लागत नाही, बाहेर जाताना वरच्या जाड कोटाच्या आत मावेल असा पातळ लागतो. बाहीला फुगा नको, मनगट घट्ट हवे, गळा बंद हवा. तिथे कपडे यंत्रात धुऊन यंत्रातच वाळवले जातात आणि कामाच्या गडबडीत आई एक स्वेटर वेगळा काढून हाताने धूत बसणार नाही, म्हणून मेंढीच्या साध्या लोकरीचा स्वेटर पाठवला तर पहिल्याच धुण्यात तो बाहुलीच्या मापाचा होईल. यंत्रात धुता येते असे पट्टीवर लिहिलेली लोकर किंवा चांगल्या प्रतीचे अॅक्रिलिक घ्या, सोबत ती कागदी पट्टी आणि वीस-पंचवीस हात जादा धागा पाठवा. कोपर फाटले तर तिला तिथे दुरुस्त करता येईल.

आणि सगळे कपडे पेटीत घालण्यापूर्वी एवढे पाहा: मे महिन्यात घरातले कोणी मनाली-केदारनाथकडे जाणार असतील तर त्यांचे स्वेटर, कानटोप्या आणि मोजे वेगळ्या गाठोड्यात, सगळ्यांत वर ठेवा.